जहाजावरून घरीं

बोट धक्क्यावरून सुटतांना रुमाल हालविण्याची जी चाल सर्व देशांत पडली, तिच्या मुळाशीं एक अगदीं साधी गोष्ट आहे. जहाज आणि धक्का यांच्यामधला पाण्याचा पट्टा पन्नास हात रुंद झाला, कीं यंत्रांच्या घरघरींत शब्द ऐकूं येईनासे होतात; डोळ्यांना मात्र आपलें माणूस आणखी कांहीं वेळ दिसत राहतें. आवाज आधीं जातो, आकृति मागाहून जाते. यानंतर पूर्वीं जें मौन सुरू होई, तें आठवड्यांचें किंवा महिन्यांचें असे. हें मौन कसें भंगलें, किती पैशांना भंगलें आणि कोणासाठीं आधीं भंगलें, याचा सारा इतिहास जेमतेम सव्वाशें वर्षांचा आहे.

इ. स. १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना नुकतेंच अठरावें वर्ष पुरें झालें होतें. पति गोपाळराव मागें राहिले. गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस होते. म्हणजे पत्र कोणत्या मार्गानें, किती दिवसांत, कोठून कोठें जातें, याचें गणित ज्यांना पाठ असावयाचें अशांपैकीं ते एक. परंतु त्या गणितानें पत्र लवकर येत नाहीं. फार तर तें आज येणार नाहीं एवढें खात्रीनें कळतें. आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या ४ जून रोजीं. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत घरच्या माणसांना खबर मिळावयाची ती वाटेंतल्या बंदरांत टाकलेल्या पत्रांतूनच, आणि असें पत्र हिंदुस्थानांत पोंचे तोंवर तें लिहिणारी कितीतरी पुढें निघून गेलेली असे. ‘प्रकृति बरी आहे’ असें पत्रांत असलें, तरी तें वाचतेवेळीं ती बरी आहे कीं नाहीं, हें पृथ्वीच्या पाठीवर घरच्या कोणालाच ठाऊक नसे. तार नव्हती असें नाहीं. मुंबई आणि लंडन हीं शहरें १८७० सालींच समुद्राच्या तळांतून गेलेल्या तारेनें जोडलीं गेलीं होतीं. पण तार धक्क्यापाशीं संपे. चालत्या जहाजाला कोणी तार बांधूं शकत नव्हतें.

पुढें पांचच वर्षांनीं, नोव्हेंबर १८८८ मध्यें, ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईस यावयास निघाली, ती आलीच नाहीं. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळें तिकडील लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. दिवे विजेचे होते. परंतु त्याच विजेच्या बळावर दूरवर हांकहि मारतां येते, हें अद्याप कोणास साधलें नव्हतें. तिच्यावरील सातशेंहून अधिक माणसांचें काय झालें, याचा एक शब्दहि किनाऱ्यावर पोंचला नाहीं.

मार्कोनीच्या बिनतारी तारायंत्रानें हें चित्र पालटलें, आणि तें फार झपाट्यानें पालटलें. १५ नोव्हेंबर १८९९ रोजीं मार्कोनी स्वतः ‘सेंट पॉल’ या अमेरिकन जहाजांतून न्यूयॉर्कहून इंग्लंडला परत येत होता. जहाज किनाऱ्यापासून सहासष्ट सागरी मैलांवर असतांनाच आइल ऑफ वाइट बेटाच्या टोकाशीं असलेल्या नीडल्स येथील केंद्राशीं त्याचें संधान जुळलें. दक्षिण आफ्रिकेंत चाललेल्या बोअर युद्धाच्या बातम्या जहाजावर उतरल्या. त्या तेथल्याच छापखान्यांत जुळवून ‘ट्रान्सॅटलांटिक टाइम्स’ नांवाचें पत्रक काढण्यांत आलें, आणि त्याच्या प्रती एकेका डॉलरला विकून आलेली रक्कम खलाशांच्या मदतनिधीस देण्यांत आली. बिनतारी यंत्रापासून खलाशांना झालेला हा पहिला लाभ; आणि संकटकाळची हांक सोडली, तर पुढें कितीतरी वर्षें तोच शेवटचा, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९०० सालीं ‘कैसर विल्हेल्म देर ग्रोसे’ या जर्मन जहाजावर हें यंत्र व्यापारी तत्त्वावर बसविलें गेलें आणि दोनचार वर्षांतच अटलांटिकवरील प्रत्येक नामांकित जहाजाच्या छपरावर मार्कोनी कंपनीची लहानशी खोली दिसूं लागली. त्या खोलींतले तरुण जहाजाच्या हुकुमांत वागत, पण त्यांची नेमणूक बहुधा मार्कोनी कंपनीची असे, आणि कंपनीचें उत्पन्न प्रवाशांच्या तारांवर चाले. दर शब्दावर असल्यामुळें प्रेम, काळजी, क्षमायाचना हें सारें दहा शब्दांत बसवावें लागे. ज्याला अधिक लिहावयाचें असे, त्याच्यासाठीं ‘सागरी पत्र’ नांवाची एक मजेदार सोय निघाली. आपलें जहाज अमेरिकेकडे चाललें असेल, तर मजकूर बिनतारीनें इंग्लंडकडे जाणाऱ्या दुसऱ्या जहाजास सांगावयाचा. तेथला अधिकारी तो कागदावर उतरवून घेई आणि बंदर आलें कीं टपालांत टाकी. भर समुद्रांत दोन जहाजें एकमेकांना न दिसतां एकमेकांचीं पत्रें वाहत, ही कल्पना कोणा कवीला सुचली असती तर नवल नव्हतें; ती सुचली ती व्यापारी कंपनीला.

या घरगुती तारांचें एक भयंकर प्रकरण इतिहासांत नमूद आहे. एप्रिल १९१२ मध्यें ‘टायटॅनिक’वरील यंत्र एक रात्र बिघडलें. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड या दोघां अधिकाऱ्यांनीं जागरण करून तें दुरुस्त केलें. पण तोंवर प्रवाशांच्या तारांचा ढीग सांचला होता. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग आणि पुढील प्रत्येक शब्दास नऊ पेन्स असा दर असूनहि लोक तारा पाठवीतच होते. नव्या जहाजावरून घरीं तार करणें, ही त्या सफरींतली एक मौजच होती. १४ एप्रिलच्या रात्रीं न्यूफाउंडलंड बेटावरील केप रेस हें केंद्र टप्प्यांत आलें आणि फिलिप्सनें तो ढीग उपसावयास घेतला. सुमारें अकरा वाजतां जवळच्याच ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजानें सांगितलें, कीं आम्ही बर्फानें वेढले जाऊन थांबलों आहों. हा आवाज कानठळ्या बसतील इतका जवळून आला आणि त्यानें केप रेसचे क्षीण संकेत बुडवून टाकले. फिलिप्सनें उत्तर दिलें तें गप्प बसण्याचें; आपण केप रेसच्या कामांत आहों, असें त्यानें कळविलें. ‘कॅलिफोर्नियन’वरील एकटाच अधिकारी थोड्या वेळानें यंत्र बंद करून निजावयास गेला. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांच्या आंतच हिमनग आदळला.

फिलिप्सला दोष देण्याची घाई पुष्कळांनीं केली आहे. तो शेवटपर्यंत यंत्रापाशीं बसून मदतीची हांक देत राहिला आणि त्यांतच त्याचा अंत झाला, हें विसरून चालणार नाहीं. खरा दोष व्यवस्थेचा होता. एकाच वाटेनें घरचे निरोप आणि जीव वांचविणाऱ्या सूचना जात, आणि त्यांपैकीं पैसे देणारे निरोप कोणते हें उघड होतें. पुढें आंतरराष्ट्रीय करार होऊन मोठ्या प्रवासी जहाजांवर रात्रंदिवस बिनतारीचा पहारा सक्तीचा झाला. संकटाच्या तारांसाठीं ठरविलेल्या कंपनसंख्येवर तासांतून दोन वेळां तीन-तीन मिनिटें सर्वांनीं स्तब्ध राहावयाचें, असा नियम झाला. बिनतारीच्या खोलींतील घड्याळाच्या तबकडीवर त्या मिनिटांचे लाल पट्टे रंगविलेले असत. कांटा लाल पट्ट्यांत शिरला कीं अधिकारी हात आंवरी, आणि एखादी क्षीण हांक कोठून येते काय हें ऐकत बसे.

तथापि हीं सारीं तारेचीं कामें. टिंबें आणि रेघा यांच्यांतून शब्द येत. माणसाचा आवाज येत नव्हता. तो येण्यास निर्वात नळ्यांचा शोध लागावा लागला. मे १९१६ मध्यें अमेरिकन आरमाराच्या ‘न्यू हॅम्पशायर’ या युद्धनौकेचा कप्तान आणि वॉशिंग्टन येथील कचेरींत बसलेले नौदलमंत्री डॅनियल्स यांचें बोलणें झालें. १९२२ सालीं ‘अमेरिका’ नांवाच्या प्रवासी जहाजावर न्यू जर्सीच्या किनाऱ्याशीं बोलण्याचे प्रयोग झाले आणि जहाजावरचा आवाज जमिनीवरील नेहमींच्या टेलिफोनच्या तारांत सोडतां येतो, हें सिद्ध झालें. पैसे भरून कोणाहि प्रवाशानें बोलावें अशी सेवा मात्र ८ डिसेंबर १९२९ रोजीं सुरू झाली. ती ‘लेव्हायथन’ या जहाजावर. हें मूळचें जर्मनांचें ‘फाटरलांड’. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेनें तें ताब्यांत घेतलें होतें.

या सेवेंत अडचणी काय होत्या, हें पाहिल्याशिवाय तिचें मोल कळणार नाहीं. टेलिफोनवर माणूस एकाच वेळीं बोलतो आणि ऐकतो. जमिनीवर हें साधण्यासाठीं बोलणें पाठविणारें केंद्र न्यू जर्सींतील ओशन गेट येथें आणि घेणारें केंद्र फोर्क्ड रिव्हर येथें, असें अंतर राखून बांधलें होतें. परंतु जहाजावर अंतर कोठून आणावयाचें? सारी लांबी हजार फुटांच्या आंतबाहेर. आपल्याच प्रक्षेपकाच्या गर्जनेनें आपलाच ग्राहक बहिरा होई. यासाठीं दोन आकाशतारा एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ताणाव्या लागल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी वेगळ्या ठेवाव्या लागल्या. शिवाय लघुलहरी आकाशांतील विद्युन्मय थरावर आपटून परत येतात, आणि तो थर दिवसा एक व रात्रीं दुसरा. म्हणून सूर्य मावळला कीं लहर बदलावयाची. इतकें करूनहि आवाज मधेंच लांब जाई, पुन्हां जवळ येई, जणूं बोलणारा माणूस वाऱ्यावर झुलतो आहे.

आणि दर? जमिनीवरून जमिनीवर, न्यूयॉर्क ते लंडन, ही सेवा जानेवारी १९२७ मध्यें सुरू झाली तेव्हां तीन मिनिटांस पंचाहत्तर डॉलर पडत. जहाजाचा टेलिफोन अर्थातच त्याच वर्गांतल्या लोकांसाठीं होता. १९३० नंतर ‘मॅजेस्टिक’, ‘ऑलिंपिक’ वगैरे जहाजांवर तो बसला, आणि १९३६ सालीं ‘क्वीन मेरी’ निघाली तेव्हां उंची खोलींतला प्रवासी बिछान्यावरून न उठतां जगांतील मोठ्या शहरांशीं बोलूं शके, हें तिच्या जाहिरातीचें एक भूषण झालें. शेअरबाजारांतील सौदे, नाटकशाळांचे करार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा असें सगळेंच त्या वाटेनें जाई. गुप्तता मात्र बेताची. कांहीं मार्गांवर आवाज उलटापालटा करून पाठविण्याची युक्ति होती. पण पुष्कळ बोलणीं उघडींच जात, आणि लघुलहरी ऐकणारा रेडिओ ज्याच्या घरीं असे तो गृहस्थ सुपारी चघळीत बसावें तसा बसून परक्यांच्या सुखदुःखाच्या गोष्टी फुकट ऐके.

हिंदुस्थानांतून इंग्लंडशीं बिनतारी तारेचा व्यवहार १९२७ सालीं खडकी आणि दौंड येथील केंद्रांवरून सुरू झाला. टेलिफोन १९३३ मध्यें आला. किनाऱ्यावरून जहाजांशीं बोलणारें केंद्र म्हणजे ‘बाँबे रेडिओ’. व्ही-डब्ल्यू-बी हीं त्याचीं हांकेचीं अक्षरें अरबी समुद्रांतील सर्व जहाजांना ओळखीचीं होतीं. आतां त्याच समुद्रांतून जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या एखाद्या टपालबोटीवर कोण माणसें असत, तें पहावें. वरच्या खोल्यांत इंग्रज अंमलदार, त्यांच्या बायका, एखाददुसरा संस्थानिक, बॅरिस्टर होण्यास निघालेला विद्यार्थी. डेकवर दोर ओढणारे खलाशी बरेचसे रत्नागिरीच्या बाजूचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे. जेवणघरांत आणि मुदपाकखान्यांत गोव्याचे ख्रिस्ती. यंत्राच्या तळघरांत कोळसा टाकणारे पुष्कळसे पंजाबकडील मुसलमान. ज्यांना बोटीवर तीन आठवडे राहावयाचें, त्यांना घरीं बोलण्याची सोय निदान तारेनें होती. ज्यांना वर्ष वर्ष राहावयाचें, त्यांच्यासाठीं पत्र.

हें पत्रहि सरळ घरीं जाईलच असें नसे. गोव्याचे दर्यावर्दी, ज्यांना तिकडे तारवटी म्हणतात, ते बोट मिळेपर्यंत मुंबईंत धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कूड’ नांवाच्या वसतिगृहांत उतरत. अशीं शेंकडों वसतिगृहें मुंबईंत होतीं. मध्यें देवघर, भोंवतीं भिंतीला लागून ट्रंकांच्या रांगा. एकाच गांवचे लोक असल्यामुळें कूड हीच टपालकचेरी होई. परत आलेला माणूस दुसऱ्या बोटीवरच्या शेजाऱ्याची खुशाली आणी. गांवाकडे जाणारा ती पुढें नेई. खुद्द कंपनीकडून घरीं नियमानें एकच गोष्ट पोंचे, ती म्हणजे पगारांतून कापून दरमहा पाठविलेली रक्कम, जिला ‘अलॉटमेंट’ म्हणत. पैसे आले म्हणजे माणूस कामावर आहे. कामावर आहे म्हणजे जिवंत आहे, असा त्या घरांतील बायकांचा हिशेब असे. बिनतारीच्या युगांत, त्या यंत्राखालीं दहा-वीस फुटांवर राबणाऱ्या माणसाची खबर मनिऑर्डरीवरून काढावी लागे.

युद्धांत तर श्रीमंतांचाहि टेलिफोन बंद पडला. १९३९ नंतर जहाजांनीं समुद्रावर मौन पाळावें, असा दंडक झाला, कारण बोलणारें जहाज पाणबुडीला आपला पत्ता सांगतें. संकटाच्या वेळीं मात्र यंत्र उघडे. नोव्हेंबर १९४२ मध्यें मुंबईहून आफ्रिकेस निघालेल्या ‘तिलावा’ या आगबोटीस जपानी पाणबुडीनें टॉर्पेडो मारला. जहाजावर साडेनऊशेंवर माणसें होतीं. बिनतारीची हांक गेली, ‘बर्मिंगहॅम’ ही क्रूझर धांवून आली, आणि २८० जीव गेले तरी पावणेसातशेंच्या वर माणसें वांचून परत मुंबईस लागलीं.

उलट १७ जुलै १९४७ चा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईपासून अवघ्या आठ-नऊ मैलांवर, कासाच्या खडकाजवळ, सकाळच्या वादळांत बुडाली. गटारी अमावास्येचा दिवस. घरीं जाणाऱ्या लोकांची गर्दी. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हतें. मार्कोनीच्या ‘सेंट पॉल’च्या सफरीला तेव्हां सत्तेचाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं. पोहत, तरंगत कांहीं माणसें किनाऱ्यास लागलीं तेव्हां दुपार उलटून मुंबईस ही वार्ता कळली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. वरच्या वर्गाच्या खोलींत बिछान्यावर टेलिफोन असणें आणि खालच्या वर्गाच्या बोटीवर एक तारायंत्रहि नसणें, हीं दोन्हीं एकाच काळांतलीं, एकाच महासागराच्या दोन टोकांचींहि नव्हेत, एकाच बंदरांतलीं दृश्यें आहेत.

युद्धानंतरचीं तीस वर्षें ही बिनतारी अधिकाऱ्याची खरी राजवट. या काळांत टेलिफोन मालवाहू जहाजांवरहि आला, आणि वर्षांतून एखाद्या वेळीं कां होईना, खलाशाला घरीं बोलतां येऊं लागलें. विधि मोठा लांबलचक. ठराविक तासांना किनाऱ्यावरचें केंद्र ज्या जहाजांसाठीं निरोप असतील त्यांची यादी वाची. आपलें नांव आलें कीं रांगेंत नंबर लावावयाचा. इंग्लंडचें पोर्टिसहेड रेडिओ हें या कामांतलें जगांतील बलाढ्य केंद्र. नंबर लागेपर्यंत तास दोन तास जात. पुष्कळ जहाजांवर बोलणें आणि ऐकणें एकदम होत नसे. बटण दाबून बोलावयाचें, ‘ओव्हर’ म्हणावयाचें, बटण सोडून ऐकावयाचें. पतिपत्नीच्या संभाषणांत एकाचें पुरें होईतों दुसऱ्यानें मधें बोलूं नये, ही शिस्त जगांत याच एका यंत्रानें लावून दाखविली. घरच्या आईला ‘ओव्हर’ म्हणावयास शिकविणें सोपें नव्हतें. तिनें न म्हटल्यास पलीकडचा मुलगा नुसता खरखराट ऐकत बसे आणि इकडे मिनिटें चढत.

आणि या सर्वांत तिसरा माणूस हजर असे. लहर बरोबर लागली आहे ना हें पाहण्यासाठीं बिनतारी अधिकाऱ्याला कानाला यंत्र लावून बसावेंच लागे. जन्म, मृत्यु, मोडलेलें लग्न, बुडालेलें कर्ज, सगळें त्याच्या कानांवरून जाई. चांगला अधिकारी तें तेथेंच सोडून देई. वाईट बातमीची तार आली, तर ती वाचून दाखवावी कीं नुसती हातांत द्यावी, कामावरून सुटण्याची वेळ पाहावी कीं लगेच बोलवावें, हें कोणत्याहि नियमपुस्तकांत लिहिलेलें नव्हतें. हें पद आतां उरलेलें नाहीं. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसूचनेची नवी स्वयंचलित पद्धति पुरतेपणीं लागू झाली, बहुतेक जहाजांवरून बिनतारी अधिकारी उतरले; त्याच वर्षीं ओशन गेटचें केंद्र आणि पुढच्या वर्षीं पोर्टिसहेड रेडिओ बंद झालें.

त्यांना उतरविलें तें उपग्रहांनीं. १९७६ च्या फेब्रुवारींत ‘मॅरिसॅट’ मालिकेंतला पहिला उपग्रह अटलांटिकवर जाऊन बसला. पुढें राष्ट्राराष्ट्रांनीं मिळून लंडन येथें ‘इन्मारसॅट’ ही संस्था स्थापिली आणि १ फेब्रुवारी १९८२ पासून तिचें काम सुरू झालें. भारत तिच्या सभासदांपैकीं एक. पुण्याजवळच्या आर्वी येथील भूकेंद्रांतून पुढें हिंदी महासागरावरील जहाजांशीं या मार्गानें बोलणें होऊं लागलें. नंबर लावणें गेलें, खरखराट गेला, सूर्य मावळल्यावर लहर बदलणेंहि गेलें. नवी खोड एकच. उपग्रह सुमारें ३६ हजार किलोमीटर उंच असल्यामुळें प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागे. अर्धा सेकंद म्हणजे कांहींच नव्हे असें वाटतें. पण ‘सगळें ठीक आहे ना?’ या प्रश्नानंतरचा अर्धा सेकंद फार लांब असतो. मग दोघेंहि एकदम बोलत, दोघेंहि एकदम थांबत.

याच सुमारास जहाजांची जातहि बदलली होती. १९५८ मध्यें जेट विमानें अटलांटिक ओलांडूं लागलीं आणि कोठेंतरी पोंचण्यासाठीं बोटीनें जाण्याचे दिवस सरले. उरलीं तीं सहलीचीं जहाजें, ज्यांना आतां सर्वत्र क्रूझ म्हणतात. त्यांवरील प्रवासी आठवडाभर मौजेसाठीं जातो. खोलींत टेलिफोन असतो, आणि मिनिटास दहा-पंधरा डॉलर हा दर विसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्यच समजला जाई. त्यामुळें तो हात आंखडून बोले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जहाजावरच मोबाइलचा छोटा मनोरा उभा राहिला. किनाऱ्यालगतचें बारा मैलांचें पाणी ओलांडलें कीं तो जागा होई आणि खिशांतला फोन, मालकाला न विचारतां, त्याच्याशीं जोडला जाई. घरीं परतल्यावर सहलीच्या भाड्याच्या तोडीचें फोनचें बिल पाहून डोळे पांढरे झालेल्यांच्या कथा सर्व देशांत आहेत. जहाजावर पाऊल ठेवतांच फोन ‘विमान’ स्थितींत टाकावा, हा सल्ला आज अनुभवी प्रवासी नवख्यांना देतात, तो यामुळेंच.

मग उपग्रहच खालीं आले. २०१४ पासून कांहीं मोठ्या जहाजांनीं सुमारें आठ हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचा उपयोग केला. २०२२ मध्यें ‘रॉयल कॅरिबियन’ या कंपनीनें आपल्या जहाजांवर अवघ्या साडेपांचशें किलोमीटरवरील स्टारलिंकचें जाळें घेण्याचें जाहीर केलें. तो अर्धा सेकंद नाहींसा झाला. आवाजाबरोबर चेहराहि येऊं लागला.

या क्रूझवर सोनेरी गुंड्या लावून वाढणारा, बिछाने घालणारा, भांडीं धुणारा कोण असतो? आजहि त्यांत गोव्याचा आणि मुंबईचा माणूस असतोच. करार सहा ते नऊ महिन्यांचा. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बंदर आलें कीं हे लोक धांवत ते देखावा पाहावयास नव्हे, तर धक्क्याबाहेरच्या सार्वजनिक टेलिफोनकडे. हातांत कार्ड, मनांत दोन देशांच्या घड्याळांचें गणित. इकडे गांवांत ज्या वाण्याकडे फोन असेल त्याच्या दुकानांत घरचीं माणसें ठरल्या वेळीं येऊन बसत.

फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज करोनाच्या सांथीमुळें अडवून ठेवलें गेलें. वर ३,७११ माणसें. त्यांत भारतीय १३८, आणि त्यांतले १३२ कामगार. प्रवाशांना खोल्यांत बसविलें, पण त्यांच्या दारांत ताटें नेऊन ठेवणाऱ्यांना कसें बसवावयाचें? ते फिरत राहिले, एका खोलींत दोघेतिघे निजत राहिले. त्यांच्यांतल्या कांहीं भारतीय तरुणांनीं तोंडाला मुखपट्टी बांधून आपल्या फोनसमोर उभें राहून आम्हांस येथून सोडवा, अशी विनंति केली; ती घरीं पोंचली, देशभर पोंचली. २७ फेब्रुवारीला विमानानें ११९ भारतीयांना दिल्लीस आणलें. पुढें एप्रिलांत ‘मरेला डिस्कव्हरी’ हें क्रूझ सुमारें दीडशें भारतीय कामगारांसह मुंबईसमोर येऊन थांबलें, आणि टाळेबंदीमुळें त्यांना उतरूं देण्यास २३ एप्रिल उजाडला. घर समोरच्या किनाऱ्यावर, आणि बोलणें फोनवर.

या अनुभवानंतर कायद्यानें एक पाऊल उचललें. नाविकांच्या कामाविषयीं २००६ सालीं जिनीव्हा येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांत घरीं टेलिफोन करण्याच्या सोयीचा उल्लेख होताच. पण तो शिफारशीच्या भागांत, म्हणजे मालकानें मानला तर. भारतानें हा करार २०१५ मध्यें स्वीकारला. २०२२ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन जहाजावरील लोकांना आप्तेष्टांशीं संबंध ठेवण्यासाठीं इंटरनेटची सोय देणें हें बंधनकारक भागांत आलें. २३ डिसेंबर २०२४ पासून तें अंमलांत आहे. आकार घेतलाच तर तो वाजवी असावा, असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हें प्रत्येक राष्ट्राच्या आणि कंपनीच्या समजुतीवर राहिलें आहे. प्रवासी आणि कामगार हे एकाच उपग्रहाशीं बोलत असले, तरी कित्येक जहाजांवर कामगारानें आपल्या पगारांतून तासांचें किंवा दिवसांचें पॅकेज विकत घ्यावयाचें असतें.

दुसरी अडचण कोणत्याहि दुरुस्तीनें सुटण्याजोगी नाहीं. कॅरिबियन समुद्रांतल्या जहाजावर रात्रीचें जेवण उरकून, टेबलें पुसून, उद्यांच्या नाश्त्याचीं भांडीं मांडून वाढपी मोकळा होतो तेव्हां तेथें मध्यरात्र झालेली असते. तो फोन लावतो, तेव्हां मडगांवांत सकाळचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात. चेहरा स्वच्छ दिसतो, आवाज जवळून येतो. पण मुलें शाळेंत गेलेलीं असतात, बायको कामावर निघालेली असते, आणि घरांत आजी एकटी असते. ती फोन कानाला लावते, त्यामुळें पडद्यावर मुलाला तिचा कानच दिसतो.